सायलेंट अक्षरांचा इतिहास

कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दातला बी सायलेंट आहे, असे इंग्रजीच्या वर्गात सांगितले जाते. ऐकणाऱ्याची समजूत होते की हे अक्षर पूर्वी उच्चारले जात असावे आणि पुढे गळाले असावे. खरे तर सर्वसामान्य इंग्रजांच्या तोंडी तो बी कधी नव्हताच. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता आणि मध्ययुगातले लोक तो बीशिवायच लिहीत. प्रबोधनकाळात लॅटिनची प्रतिष्ठा वाढली, तेव्हा विद्वानांनी ‘डेबितुम’ या मूळ लॅटिन रूपाची आठवण ठेवून बी रूढ केला. ‘डाउट’मध्ये तो ‘दुबितारे’वरून शिरला. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात होलोफर्निस नावाचा पंतोजी लोक या शब्दांतला बी उच्चारत नाहीत म्हणून चिडतो. नाटक 1598 साली छापले गेले, म्हणजे तेव्हाही बी कागदावरच होता. आज उत्तरपत्रिकेत तो गाळणारा मुलगा कानावर विश्वास ठेवतो, एवढेच. इंग्रजी स्पेलिंगच्या नेहमीच्या चुका अशा तपासल्या तर त्यांतल्या कितीतरी चुका तर्काला धरून झालेल्या दिसतात. तर्क सुटला तो प्रमाण ठरवणाऱ्यांकडून.

सगळीच मुकी अक्षरे अशी उपरी नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दातला के आणि मधला जीएच एके काळी खरोखर उच्चारले जात. उच्चार बदलला आणि लेखन मागे राहिले. पण ‘आयलंड’चे काय? तो मूळचा जर्मानिक शब्द. लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’ या शब्दाशी त्याचे नाते नाही, तरी सारखेपणा पाहून त्यात एस घुसवला गेला. ‘कुड’मधला एल ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या संगतीने आला. त्या दोघांत एल मुळातलाच होता, ‘कुड’मध्ये तो कधीच नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या ‘डिलाइट’ला जीएच मिळाला तो ‘लाइट’च्या नकलेने. ‘घोस्ट’मधला एच छापखान्यातून आला. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्याआधी तो अनेक वर्षे फ्लँडर्सच्या मुलखात राहिला होता, आणि तिकडच्या भाषेत हा शब्द एच घालून लिहीत. इंग्रजांच्या स्वतःच्या जुन्या रूपात एच नव्हता. शिवाय छपाईने शब्दांची रूपे गोठू लागली ती नेमकी इंग्रजीतले दीर्घ स्वर जागा सोडत असताना. पंधराव्या शतकापासून पुढची दोनअडीचशे वर्षे हा बदल चालू होता. त्यामुळे पानावर जुना स्वर आणि जिभेवर नवा, अशी फारकत झाली.

हे निस्तरायला इंग्लंडमध्ये अधिकारी संस्थाच नव्हती. फ्रान्सने 1635 साली अकादमी स्थापन केली. जोनाथन स्विफ्टने 1712 मध्ये इंग्रजीसाठी तशी सूचना केली, पण ती बारगळली. प्रमाण घडले ते शिक्षकांच्या, मुद्रकांच्या आणि कोशकारांच्या हातून. शिक्षक रिचर्ड मुल्कॅस्टरने 1582 मध्ये स्पेलिंगची भलीमोठी यादी दिली. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या कोशाला सर्वांत मोठा मान मिळाला. जॉन्सनची विद्वत्ता वादातीत आहे, तरीही त्याने ‘रिसीट’मध्ये पी ठेवला आणि त्याच कुळातल्या ‘डिसीट’ व ‘कन्सीट’मध्ये ठेवला नाही. ‘एक’ म्हणजे ठणका, हा शब्द ग्रीकमधून आला अशा चुकीच्या समजुतीने त्याने त्यात सीएच पक्का केला. ही रूपे आजतागायत चालू आहेत, आणि ती न पाळणारा चुकतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. उच्चाराप्रमाणे लिहिले तर शब्दांची कुळे दिसेनाशी होतील. ‘डेट’मधला बी त्याचे ‘डेबिट’शी नाते दाखवतो आणि ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’शी. मुद्दा खरा आहे, आणि अशा शब्दांत मुके अक्षर वाचकाच्या उपयोगी पडते. पण हे समर्थन सर्वत्र लावता येत नाही. ‘आयलंड’चा एस खोटे नाते सांगतो, ‘कुड’चा एल कोणतेच सांगत नाही. दुसरा आक्षेप असा की एकच प्रमाण नसेल तर अनागोंदी माजेल. प्रमाण हवे, यात शंका नाही. लंडन, मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये उच्चार वेगळे असूनही एकच पान वाचता येते ते त्यामुळेच. प्रमाण सोयीचे आहे म्हणून ते शहाणपणाने ठरले, असे मात्र सिद्ध होत नाही. ते बदलणेही सोपे नाही. नोआ वेब्स्टरने अमेरिकेत ‘कलर’मधला यू काढला आणि ते टिकले, पण ‘टंग’चे स्पेलिंग सोपे करण्याचा त्याचा प्रयत्न फसला. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 साली 300 शब्दांची सोपी रूपे वापरण्याचा आदेश सरकारी छापखान्याला दिला. वृत्तपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांची सवय सत्तेलाही जुमानत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलावर या इतिहासाचा भार जरा जास्तच पडतो, कारण देवनागरीत तो आधी बहुतांशी ऐकले तसे लिहायला शिकलेला असतो. ‘सेपरेट’मधला मधला स्वर इंग्रज इतका अस्पष्ट उच्चारतात की तिथे ए आहे की ई, हे कानाला कळणे शक्य नाही. ‘अकॉमोडेट’मध्ये दोन सी आणि दोन एम का, हे लॅटिन उपसर्ग माहीत असल्याशिवाय समजत नाही. अशा चुकांना आळस किंवा मंदपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ‘देअर’ या एका उच्चाराचे दोन शब्द आहेत, ‘तिथे’ आणि ‘त्यांचे’. त्यांची अदलाबदल केली तर वाचणारा अडखळतो, तेव्हा ती चूक कडकपणे दुरुस्त करावी. ‘अकॉमोडेट’मधला एक एम राहिला तर अर्थाला धक्का लागत नाही. या दोन्ही चुकांना सारखेच गुण कापणारी तपासणी विद्यार्थ्याची भाषा मोजत नाही. जुने मुद्रक आणि कोशकार यांचे निर्णय त्याला किती पाठ आहेत, एवढेच मोजते.