‘गिळणे’ची कुळकथा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली. त्या पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ‘गिळणे’ दोन ठिकाणी भेटते. कॅप्सूल चावायची नसते, गिळायची असते. आणि कारखान्यांनी शिवार गिळले, अशी तक्रार असते. पहिला अर्थ खरा आणि दुसरा निव्वळ अलंकार, असे वाटेल. पण शब्दाचे कूळ पाहिले की दोन्हींमागे एकच अर्थ सापडतो: तुकडे न करता अख्खे पोटात घालणे.

संस्कृतात ‘गॄ’ धातूची ‘गिरति’ आणि ‘गिलति’ अशी दोन्ही रूपे होतात. ‘र’च्या जागी ‘ल’ पाणिनीने विकल्पाने सांगितला आहे. अज म्हणजे बोकड गिळणारा तो अजगर, ‘तिमि’ हा प्रचंड मासा गिळणारा तो तिमिंगिल. एकात ‘र’, दुसऱ्यात ‘ल’. चावत मात्र दोघेही नाहीत. चावण्याचे काम ‘खाद्’ धातूकडे, ज्याचे मराठीत ‘खाणे’ झाले. प्राकृतातला ‘गिल’ मराठीत येताना दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला, जसे फलचे फळ झाले. म्हणजे हा शब्द पोथीतून उचललेला नाही, तोंडोतोंडी आलेला आहे. ‘गिळंकृत’ मात्र संस्कृताचा आव आणतो, पण ‘ळ’ त्याचे पितळ उघडे पाडतो: ‘अलंकृत’च्या साच्यात ओतलेला तो मराठी धातूच आहे.

यावर कोणी म्हणेल, घरात चिडून ‘गिळ आता’ म्हणतात तेव्हा भाकरी चावूनच खायची असते. खरे आहे, पण ‘खा’ टाळून ‘गिळ’ म्हणण्यातला डंख जुन्या अर्थातूनच येतो. माणूस जेवतो, गिळतो ते जनावर. राग किंवा अपमान गिळायचा तोही न चघळता. दुसरा आक्षेप जमिनीचा. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भूसंपादन कायद्याने, मोबदला देऊन होऊ लागले. मग जमीन ‘गिळली’ कशी? या शब्दात आरोपाची छटा असतेच, तरी त्याचा गाभा वेगळा आहे. पैसे ‘खाल्ले’ म्हटले की बेइमानी सांगायची असते. जमीन ‘गिळली’ म्हटले की मागे काही उरले नाही, हे सांगायचे असते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी १९७०मध्ये एका नगरपालिकेत आली, १९८२मध्ये तिची महापालिका झाली, तरी गावांची नावे आणि गावठाणे टिकली. म्हणून शहराने गावे गिळली हे म्हणणे अतिशयोक्तीचे. शिवार गिळले, हे मात्र शब्दाच्या मूळ अर्थाने खरे.