मूषककुलाची गंधभाषा

मूत्रांतील प्रथिनाचा संबंध लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं मूत्रपिंडाच्या विकाराशीं जोडला. परंतु धडधाकट उंदराच्या मूत्रांत तें विपुल असतें! तो विकार नव्हे, निरोप होय. प्रथिनाच्या पोकळींत धरलेलीं गंधद्रव्यें सावकाश सुटतात. मादीला आकर्षून घेणाऱ्या अशा एका प्रथिनास २०१० सालीं लिव्हरपूलच्या संशोधकांनीं जेन ऑस्टिनच्या नायकावरून ‘डार्सिन’ नांव दिलें. शास्त्रज्ञांनाहि विनोद वर्ज्य नसतो. घरांतील उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावर या कुलाचीं २१ जनुकें एकमेकांशेजारीं आहेत. जनुकाची प्रत, प्रतीची पुन्हा प्रत, अशी ही वंशवृद्धि झाली. कांहीं प्रती जवळजवळ एकसारख्या, म्हणजे अगदीं अलीकडच्या. रॅट या मोठ्या उंदराच्या वंशांत ती स्वतंत्रपणें घडली. मनुष्यापाशीं एकच प्रत उरली आहे, तीहि निकामी.