टॅक्रोलिमस : मज्जासंस्थेवरील दुष्परिणाम

प्रत्यारोपित मूत्रपिंड वा यकृत शरीराने नाकारू नये, यासाठी टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिले जाते. जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये ते मिळवण्यात आले.

हातांना कंप सुटणे हा त्याचा मज्जासंस्थेवरील सर्वपरिचित दुष्परिणाम होय. डोकेदुखी, निद्रानाश, हातापायांना मुंग्या येणे ही लक्षणेही आढळतात. क्वचित मेंदूच्या मागील भागात सूज येऊन आकडी येते, रुग्ण गोंधळतो किंवा त्याची दृष्टी अंधुक होते. १९९६ मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेला ‘प्रेस’ म्हणतात. वेळीच उपचार झाल्यास ती बहुधा पूर्ण बरी होते.

रक्तातील औषधाची पातळी वाढल्यास धोका वाढतो. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे व ग्रेपफ्रूट यांमुळे ती वाढते. मात्र पातळी योग्य असतानाही लक्षणे दिसू शकतात. चाचणीसाठीचे रक्त सकाळची मात्रा घेण्यापूर्वी दिले जाते.

लक्षणे जाणवताच डॉक्टरांना कळवणे आवश्यक असते. मात्रा घटवणे किंवा औषध बदलणे हे पर्याय त्यांच्याकडे असतात. रुग्णाने परस्पर गोळी थांबवल्यास मात्र प्रत्यारोपित अवयवच गमावण्याची वेळ येऊ शकते.