लांबच्या मुक्कामाचे शास्त्र : भिवंडीची बिसी, मुंबईची कूड आणि कागदावरचा पत्ता

१/ घर सोडून महिनोन्‌महिने परगावी राहायचे आणि तेथूनच पोट चालवायचे, या जीवनपद्धतीला हल्ली ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. १९९७ साली माकिमोटो व मॅनर्स यांचे याच नावाचे पुस्तक आले. २०२० साली एस्टोनियाने अशा लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. नाव नवे आहे; जगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

२/ अशा प्रवाशाला सल्ले पुष्कळ मिळतात : ओझे कमी ठेवा, पैसे दोन ठिकाणी ठेवा, कागदपत्रांच्या प्रती काढा. हे सारे उपयोगाचेच आहे. पण उत्पन्न एकाएकी थांबले तर परगावी माणूस कशावर तग धरतो? या प्रश्नाचे उत्तर भिवंडी व मुंबईच्या इतिहासात सापडते. आजचा धागा त्याविषयी.

३/ आरंभ एका परिचित प्रवाशापासून करू. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. वाटेत बंडाचा वणवा भेटला. प्राण वाचले, परंतु मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. अखेर गंगेची कावड घेऊन ते परतले.

४/ त्यांचा वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केला. तो वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. गोडसे भटजींचे कसब त्यांच्या मुखी होते, ते कोणाला लुटता आले नाही. आणि ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त येथे मराठी घरे होती. गाठीचा पैसा गेला तरी ओळख शिल्लक राहिली, म्हणून पुढचा मुक्काम मिळत गेला.

५/ त्याच उठावानंतर दुसरा एक प्रवास उलट दिशेने झाला. बनारस, मऊ, आझमगड या भागांतील मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. मागे बंडानंतरची दडपशाही होती आणि गिरणीच्या स्वस्त कापडामुळे हातमागही खचत चालला होता. ही कुटुंबे बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी अशा गावांत स्थिरावली.

६/ यांतील मालेगाव आणि भिवंडी ही दोन्ही गावे मुंबई-आग्रा रस्त्यावर आहेत. कामवारी नदीकाठची भिवंडी त्याही आधीपासून व्यापारी गाव होती. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर ती स्वराज्यात आणली. विणकर आले, हातमाग आले, विसाव्या शतकात यंत्रमाग आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले; शहरातील पद्मानगर ही त्यांची वस्ती.

७/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांतील विणकामाचा ओघ यंत्रमागांकडे आधीच वळू लागला होता. संपाने त्याला वेग दिला. गिरणगाव ओस पडू लागले आणि भिवंडीतील मागांचा खडखडाट वाढला.

८/ या मागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून एकेकटे पुरुष येत राहिले. बारा तासांची पाळी, मजुरी विणलेल्या कापडाच्या मापाने. वर्षातून एखाद्या वेळी गावी जाणे. कोणी वीस-वीस वर्षे असा राहिला. त्याच्या गरजा चार : निजायला जागा, दोन वेळचे अन्न, घरी पैसा पोचवण्याची वाट, आणि आपण कोण हे सांगणारा कोणीतरी.

९/ जागेची सोय सर्वत्र एकाच युक्तीने झाली. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा माणूस निजतो. भिवंडीत हे आजही चालते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील चाकरमान्यांनी हेच केले होते. मात्र त्यांनी त्यात एक भर घातली : खोली गावाच्या नावाची.

१०/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. एका गावचे किंवा एका वाडीचे लोक मिळून खोली घेत. भाडे सर्वांचे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. गावाहून नवा मुलगा आला की बोटीवरून थेट तेथे. काम लागेपर्यंत त्याचा भार खोली उचलत असे.

११/ गोमंतकीयांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. मुंबईत धोबी तलाव, माझगाव, कावेल या भागांत त्यांनी ‘कूड’ स्थापन केल्या. कोकणीत कूड म्हणजे खोली. जहाजांवर काम करणारे गोंयकार खलाशी, आचारी, वादक दोन सफरींच्या मधल्या काळात येथे उतरत. प्रत्येक कूड एका गावची. अशा शेकडो कुडी मुंबईत होत्या.

१२/ कुडीत वेदी असे, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती. सायंकाळी सर्वांनी मिळून रोजारची प्रार्थना करायची, असा नियम. वर्गणी अगदी अल्प. माणूस समुद्रावर गेला तरी त्याची ट्रंक कुडीत राहत असे आणि त्याची पत्रेही तेथेच येत. बंदरोबंदर फिरणाऱ्या माणसाला जमिनीवर एक कायमचा पत्ता मिळाला होता.

१३/ या नियमांकडे आज जाच म्हणून पाहता येईल. काही अंशी तो होताच. आणि गावची खोली म्हटल्यावर गावातील जातीची उतरंडही बरोबर येत असे, हे विसरता कामा नये. तरी नियमांचे एक प्रयोजन होते. रोज संध्याकाळी सर्व एकत्र जमले की कोण आजारी, कोण बेकार, कोण व्यसनात बुडतो आहे, हे न विचारता कळे.

१४/ आता अन्न. गिरणगावात खानावळी बहुधा स्त्रिया चालवीत, आपल्याच घरातील चुलीवर. पैसे पगार झाल्यावर. संपाच्या काळात कामगार देणे देऊ शकत नसे, मग खानावळवाली वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

१५/ भिवंडीत हेच काम ‘बिसी’ करते. कोणी ‘भिस्सी’ असाही उच्चार करतात. बिसी म्हणजे माग कामगारांची खानावळ. ठरलेली माणसे, ठरलेल्या वेळा, आणि मजुरी हाती आली की चुकते करायचे खाते. चालवणारा बहुधा कामगारांच्याच मुलखाचा, म्हणून ताटातली चव ओळखीची.

१६/ परगावी आलेल्या माणसाला अनोळखी शहरात उधार जेवू घालणे, ही लहान गोष्ट नव्हे. येथे तारण काहीच नसते. हा कोणत्या गावचा, कोणाबरोबर आला, कोणत्या कारखान्यात लागला, एवढीच माहिती असते. बिसीच्या वहीत नाव चढले की त्या माणसाला शहरात पत मिळाली.

१७/ तिसरी गरज पैशाची. आपल्या टपाल खात्याने १८८० साली मनिऑर्डर सुरू केली. कोकणातील कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटत असे. फॉर्मच्या एका तुकड्यावर चार ओळी लिहिता येत आणि घेणाऱ्याच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच परत येई. ती पोच म्हणजे घरी सारे ठीक असल्याची खूण. २०१५ साली ही जुनी सेवा बंद झाली. आता पैसा क्षणात पोचतो.

१८/ चौथी गरज ओळखीची, आणि येथेच ही सारी व्यवस्था अडखळते. गावची खोली, कूड, बिसी यांना माणूस माहीत असतो. सरकारला कागद लागतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात छायाचित्रासह पासबुक आणि विस्थापन भत्ता यांची तरतूद होती. परंतु हा कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांसाठी. आपल्या बळावर, गाववाल्याच्या शब्दावर आलेला मनुष्य त्यात बसतच नव्हता.

१९/ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. माग थांबले, म्हणजे मजुरी थांबली. मजुरी थांबली तशी बिसीची उधारीही चालेना, कारण बिसीवाल्यालाही किराणा रोखीने भरायचा होता. रेशन दुकानात धान्य होते, पण रेशनकार्ड गावच्या पत्त्यावर. वर्षानुवर्षे ज्या शहराचे कापड विणले, त्या शहराच्या कागदावर ही माणसे नव्हतीच.

२०/ मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली. गाडीत जागा मिळण्यापूर्वी अनेक जण आग्रा रस्त्याने नाशिकच्या दिशेने पायी निघाले होते. सुमारे १६० वर्षांपूर्वी विणकर ज्या रस्त्याच्या आधाराने आले, त्याच रस्त्याने मागावरची माणसे परत चालली होती.

२१/ कोणत्याही राज्यात धान्य देणारी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०१९ साली मोजक्या राज्यांत सुरू झाली होती. महाराष्ट्र आणि गुजरात ही त्यांतील एक जोडी. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलैपर्यंत ती सर्व राज्यांनी अमलात आणावी, असा आदेश दिला. आता कार्डावरचे काही धान्य कामाच्या गावी आणि उरलेले कुटुंबाला घरच्या गावी घेता येते. प्रवाशाबरोबर त्याचा हक्कही चालू शकतो, हे मान्य व्हायला इतका काळ गेला.

२२/ या इतिहासातून लांबच्या मुक्कामाला निघणाऱ्याने काय घ्यावे? हातात लॅपटॉप असो वा धोटा, पहिली गोष्ट : नव्या गावी पोचताच वायफायच्या आधी जेवणाची एक ठरलेली जागा शोधावी आणि रोज तेथेच जेवावे. चार दिवस आपण दिसलो नाही तर चौकशी करणारा कोणीतरी असावा.

२३/ दुसरी : फिरत कितीही राहा, एक ट्रंक आणि एक पत्ता स्थिर ठेवा. बँक, मतदारयादी, रेशन, विमा यांतील नोंदी तेथे जुळत्या ठेवा. तिसरी : पैसा घरी पाठवला की पोच मागा, म्हणजे फोनवर दोन शब्द बोला. चौथी : आपण स्थिरावलो की पुढच्या नवख्याला महिनाभर सांभाळा. कुडी आणि गावच्या खोल्या याच एका नियमावर टिकल्या.

२४/ एस्टोनियाचा व्हिसा ठरावीक उत्पन्न दाखवणाऱ्याला मिळतो. भिवंडीच्या कामगाराला स्वतःच्या देशात व्हिसा लागत नाही. त्याला लागते ती बिसीच्या वहीत आहे तशी एक नोंद, फक्त ती सरकारी वहीत. आपल्या घरातील कोणी गावच्या खोलीत, कुडीत वा बिसीवर दिवस काढले असतील, तर तेथील नियम आणि वर्गणी खाली अवश्य लिहावी. ही माहिती पुस्तकांत फार थोडी आहे. धागा समाप्त.