अरबांचा कहवा व आपला विडा

कॉफीच्या बियांना मराठींत बुंददाणे म्हणतात. हा बुंद अरबांच्या ‘बुन्न’ शब्दावरून आला. पंधराव्या शतकांत येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेंत जाग राहावी म्हणून हा काढा घेत. १५११ सालीं मक्केंत त्यावर बंदी आली. ती टिकली नाहीं. पुढें सर टॉमस रो याच्या वकिलातींतील पाद्री एडवर्ड टेरी यानें, मोगली मुलखांत मद्य वर्ज्य मानणारे धर्मनिष्ठ लोक कॉफी पितात, असें नमूद केलें आहे. म्हणजे इंग्रजी अमलाच्या पुष्कळ आधीं ही वस्तु हिंदुस्थानास माहीत होती.

अरबाच्या घरीं कहवा हा आतिथ्याचा विधीच असतो. यजमान पाहुण्यांदेखत दाणे भाजतो, खलांत कुटतो, वेलदोडा घालून उकळतो. खलाचा नाद ऐकून शेजारींही येतात. लांब चोचीचा ‘दल्ला’ डाव्या हातांत धरून उजव्या हातानें बिनकानाचा इवलासा पेला पुढें करावयाचा, तोही थोडासाच भरून. काठोकाठ भरला तर पाहुण्याला उठण्याची सूचना समजावी. पुरे झालें हें तोंडानें सांगावयाचें नसतें. पेला हातांतल्या हातांत हलविला कीं झालें. मोजक्या पेल्यांत सारी बैठक भागते, कारण एकाचा पेला पुन्हां भरून दुसऱ्याला देतात. गंमत अशी कीं, त्यांतला वेलदोडा शतकानुशतकें मलबारांतून, आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागांतून, जात असे. शेवटीं ऊद फिरला कीं पाहुण्यानें उठावें. आपल्याकडे अत्तरगुलाब व विडा पुढें आला कीं दरबारांतला माणूस असाच उठे.

मराठी बैठकींत कहवा कां रुजला नाहीं, याचें एक कारण येथें दिसतें. सत्काराचें काम विडा आधींच करीत होता, आणि विडा कोरडा! कहवा मात्र पाण्यांत शिजविलेला, शिवाय पेला उष्टा. ज्या समाजांत कोणाच्या हातचें पाणी चालतें यावर माणसाची जात ठरे, तेथें असा पेला फिरणें अशक्यच होतें.

ही अढी किती खोल होती याची साक्ष पुढें चहाच्या पेल्यानें दिली. नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८४२ सालीं जन्मलेले न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील समारंभास गेले होते. लोकमान्य टिळकही तेथें होते. चहा पुढें आला. कांहींनीं घेतला, कांहींनीं नुसता पेला हातीं धरला. पण गोपाळराव जोशी यांनीं हजर मंडळींचीं नांवें छापून आणलीं आणि ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. प्रार्थनासमाजाचे धुरीण, हायकोर्टाच्या न्यायासनाला योग्य असे रानडे. त्यांनींही १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यांच्या सुधारक स्नेह्यांना तें फार लागलें.