फत्तेखानाच्या जागेवरचा वाद

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना एका वार्ताहर मित्राने कल्पना काढली. महाड मतदारसंघातल्या उमेदवारांना एका मंचावर आणायचे, मधे पत्रकाराने बसायचे आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. प्रश्न शोधायची गरज नव्हती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाड शहरात पाच मजली इमारत कोसळली. २०२१ च्या जुलैत तळियेवर दरड आली. टपरीवाला कान देऊन ऐकत होता. त्याने विचारले, "मधे बसणार कोण? ज्याच्या पेपरला जाहिरात येते तोच ना?" मित्र हसला. मंच काही उभा राहिला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात न्या. मदन लोकूर, न्या. अजित शहा आणि ज्येष्ठ संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे पत्र पाठवले होते. राहुल गांधींनी होकार दिला, चर्चा मात्र झाली नाही. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० ला केनेडी आणि निक्सन यांच्यामध्ये हॉवर्ड स्मिथ हा पत्रकार बसला, तेव्हापासून ती खुर्ची पत्रकाराची असे जग मानते. तिथेही १९६० नंतर असा सामना पुन्हा व्हायला १९७६ उजाडले.

आपल्याकडे मात्र पत्रकाराने मधे बसण्याची रीतच नाही. टिळक आणि आगरकर 'केसरी' आणि 'सुधारका'तून एकमेकांवर तुटून पडले. आचार्य अत्रे 'मराठा' चालवता चालवता आमदार झाले. मराठी संपादक पंच कमी, पैलवान जास्त. त्यामुळे पत्रकार आणि जाहीर वाद यांचा इतिहास शोधायचा तर मला पुन्हा महाडलाच यावे लागते, आणि तेही एका मुसलमानाच्या जागेवर.

मार्च १९२७ ची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. त्या वेळी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, हे खुद्द आंबेडकरांच्या लिखाणात आहे. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले आणि संपादक आंबेडकरच होते. महाडच्या धर्मसंगरात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी काय, सरकारची काय आणि अस्पृश्यांची स्वतःची काय, अशी लेखमाला त्यांनी चालवली. तिकडे पुण्यात भोपटकरांचा 'भाला' विरोधात उभा होता. हा संपादक तटस्थ नव्हता आणि तसा आवही त्याने आणला नाही.

डिसेंबरच्या परिषदेसाठी महाडात जागा मिळेना. फत्तेखान यांनी आपली खासगी जागा दिली. आमच्या घरांत या नावाचा उल्लेख होतो, पण त्यापुढे कोणी फारसे बोलत नाही. आपण तरी त्यांच्याविषयी काय जपले, हा प्रश्न मला टोचतो. धरमतरहून मोटारी मिळेनात, म्हणून आंबेडकर आणि मंडळी 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरून महाडला आली. तळे खासगी आहे असा दावा तोपर्यंत दाखल झाला होता आणि दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला होता. २५ डिसेंबरच्या रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले.

माझ्या दृष्टीने खरा प्रसंग त्यानंतरचा. कोर्टाचा हुकूम मोडून तळ्यावर जायचे की थांबायचे? मंडपात दोन्ही बाजूंनी लोक बोलले. कलेक्टर स्वतः आले, त्यांनाही बोलू दिले. विरोधी बाजूला, तेही सरकारला, आपल्याच मंडपात आणि हजारोंच्या गर्दीसमोर बोलू देणे सोपे नसते. बहुतेकांचा कल लगेच जाण्याकडे होता, सत्याग्रहासाठी नावेही नोंदवली गेली. अध्यक्षस्थानी 'बहिष्कृत भारत'चा संपादक होता. अखेर २७ तारखेला त्यांनीच सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. लोक नाराज झाले, पण ऐकले. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परतली, पाण्याला कोणी हात लावला नाही. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, तळे सर्वांसाठी खुले राहिले.

आजच्या कसोटीवर त्या अध्यक्षाला कोणी सूत्रसंचालक म्हणणार नाही. त्याची बाजू उघड होती आणि शेवटचा निर्णयही त्यानेच सुचवला. तरीही दोन्ही पक्षांचे म्हणणे त्या मंडपात पूर्ण ऐकले गेले. उलट निष्पक्ष म्हणवणाऱ्यांचे आपण काय पाहिले? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे देऊन छापलेल्या बातम्या पी. साईनाथ यांनी उजेडात आणल्या, तेव्हा तेच मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्दशः सापडले होते. बाजू उघड असलेला माणूस मला त्यापेक्षा परवडतो. टपरीवाल्याची हरकत त्यालाही लागू आहे, पण निदान त्याला कुणाची जाहिरात घेतली हे विचारायची वेळ येत नाही.

मित्राला मी हे सगळे सांगितले. नगरपालिकेच्या वेळी पुन्हा प्रयत्न करू म्हणाला. खुर्चीवर कोण बसणार याची काळजी त्याने सोडली आहे. सध्या तो जागा शोधतोय, आणि एका हॉलवाल्याने आधी दोन्ही पक्षांना विचारून या असे सांगितले आहे.