डाग, ब्रँड आणि घाम

मराठीत डाग कपड्याला पडतो, चारित्र्याला लागतो आणि बैलाला दिला जातो. या तिन्हींत बैलाचा डाग सर्वांत जुना असावा. तापल्या लोखंडाने उठवलेली खूण हाच फारसी ‘दाग’चा जुना अर्थ दिसतो. अलाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने लष्करी घोड्यांना दाग देण्याची पद्धत राबवली, ती हजेरीच्या वेळी घोडे बदलले जाऊ नयेत म्हणून. ‘दाग’चे नाते संस्कृत ‘दह्’शी आहे, ‘निदाघ’ म्हणजे उन्हाळा, या शब्दात त्या धातूचा ‘घ’ अजून शाबूत आहे. मराठीतला ‘ड’ मात्र फारसी नव्हे. प्राकृतात ‘दह्’चे ‘डह’ होते, त्याच्या संगतीने तो आला असावा.

इंग्रजी ‘ब्रँड’चीही कुळकथा हीच. जुन्या जर्मानिक भाषांत ‘ब्रँड’ म्हणजे जळते लाकूड. मग जनावरावरचा डाग आणि अखेर मालाचे नाव. म्हणून शेगड्या नि दिवे करणारा कारखानदार मालाला ब्रँड देतो, तेव्हा शब्द माहेरीच येतो.

व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत अशा मालाला ११वा वर्ग दिला आहे. प्रकाश, उष्णता, शीतन, स्वयंपाक, वायुवीजन यांची साधने त्यात एकत्र नांदतात. आपल्या १९९९च्या कायद्याचे कलम ९ सांगते, की मालाचा प्रकार, गुण किंवा उपयोग तेवढा सांगणारे चिन्ह एरवी नोंदता येत नाही. ‘उष्ण’ नावाचा हीटर म्हणून अडतो. मग नावे आणायची कुठून? जर्मन दिवेवाल्यांनी १९०६ साली ऑस्मियम आणि वोल्फ्राम या तारेच्या धातूंची नावे सांधून ‘ओस्राम’ घडवले. अमेरिकेत १९०९पासून जनरल इलेक्ट्रिकचे दिवे ‘माझदा’ नावाने निघाले, ते थेट अवेस्तातल्या अहुर मज्दावरून. ‘अहुर’ म्हणजे आपला ‘असुर’, आणि ‘मज्दा’च्या शेजारी संस्कृत ‘मेधा’ उभी दिसते.

नाव मिळाले तरी ते टिकतेच असे नाही. ‘गेयसिर’ हे आइसलंडमधल्या एका उष्ण फवाऱ्याचे विशेषनाम, ‘उसळणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून पडलेले. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ साली पाणी तापवण्याच्या आपल्या यंत्राला ते दिले. आज ‘गिझर’ कोणा एकाचा नाही.

‘थर्मास’ची कथा त्याहून बोलकी. वर्गवारीत तो २१व्या वर्गात बसतो, पण शब्द उष्णतेचाच आहे. ग्रीक ‘थेर्मोस’ म्हणजे उष्ण. त्याचे सख्खे भावंड संस्कृत ‘घर्म’, ज्याचा मराठीत ‘घाम’ झाला. दुसरे फारसी ‘गर्म’, आपले ‘गरम’. म्हणजे घाम पुसत थर्मासातला गरम चहा ओतणारा माणूस एकाच घराण्यातली तीन भावंडे एकत्र आणतो. अमेरिकेत या नावावरून खटला झाला. समोर होती दिव्यांच्या धंद्यातून वर आलेली ‘अलादीन’ कंपनी. अलादीन आणि अलाउद्दीन हे एकच अरबी नाव. घोड्यांना डाग देणाऱ्या सुलतानाच्या नामबंधूने दुसऱ्याचा डाग पुसायला निघावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९६३ साली अपील न्यायालयाने ‘थर्मास’ हे सामान्यनाम झाल्याचे मान्य केले आणि काही मर्यादा घालून ते इतरांना मोकळे केले.

कातडीवरचा डाग मालकाचा राहतो, जिभेवरचे नाव मात्र जितके रुळते तितके लोकांचे होते. म्हणून कारखानदाराने आपले नाव विशेषणासारखे वापरावे आणि वस्तूचे नाम त्यापुढे कधीही गाळू नये.

मराठीने रॉकेलच्या स्टोव्हला ‘प्रायमस’ आणि वरातीतल्या बत्तीला ‘पेट्रोमॅक्स’ म्हणून ती नावेही अशीच सामान्यनामे करून टाकली. ‘प्रायमस’ म्हणजे लॅटिनमधला ‘पहिला’. आपल्या ‘प्रथम’मधला ‘प्र’ त्याच मुळाचा. या दोन नावांची तुमच्या गावाकडे जी रूपे बोलली जात असतील, ती जरूर कळवावीत.